गर्भनिरोधाची निवड आणि प्रजनन-आरोग्याचे शिक्षण : वाराणसीच्या पाहण्यांपासून पुढे

वाराणसीच्या आसपासच्या खेड्यांत एखाद्या प्रौढ विवाहितेला ‘लग्न कधी झाले?’ असा प्रश्न केला, तर त्याची दोन उत्तरे संभवतात. एक तारीख विवाहविधीची आणि दुसरी गौन्याची. पूर्व उत्तर प्रदेशात मुलीचे लग्न लहान वयातच लागत असे. परंतु ती सासरी नांदावयास जाई ती गौना झाल्यावर. गौना त्याच वर्षी, तिसऱ्या वर्षी किंवा पाचव्या वर्षी करण्याची चाल होती. महाराष्ट्रात बालविवाह रूढ होते त्या काळी लग्न आणि गर्भाधानविधी यांच्यामध्ये असेच अंतर असे. लोकसंख्येच्या अभ्यासकाला या दोहोंपैकी कोणती तारीख हवी असते हे उघड आहे: पती-पत्नींच्या सहजीवनास आरंभ झाला ती. पण दूर राजधानीत छापलेल्या प्रश्नावलीत ‘विवाहाचे वय’ एवढेच शब्द असतील, तर हाती आलेला आकडा कोणत्या प्रसंगाचा आहे हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

बनारस हिंदू विश्वविद्यालयातील लोकसंख्याशास्त्रज्ञांनी १९६९-७० मध्ये वाराणसी तहसिलीच्या ग्रामीण भागाची जनसांख्यिकीय पाहणी केली. १९७८ मध्ये त्याच जिल्ह्यात ग्रामीण विकास आणि लोकसंख्यावाढ या विषयावर दुसरी नमुना पाहणी झाली. तिच्यासाठी शहरालगतची, दूरवरची आणि विकासकेंद्रांभोवतीची अशी तीन प्रकारची गावे निवडण्यात आली होती. या पाहण्यांचा बोलबाला फारसा झाला नाही. संख्याशास्त्राच्या नियतकालिकांत त्यांचे निष्कर्ष सूत्रांच्या रूपाने प्रसिद्ध होत राहिले आणि सामान्य वाचक त्या वाटेला जात नाही. तथापि स्त्रियांना गर्भनिरोधक साधनांची निवड करावयाची असेल, तर त्यांना कोणते ज्ञान मिळाले पाहिजे, या प्रश्नावर त्या सूत्रांतून बराच प्रकाश पडतो. म्हणून ती साध्या भाषेत समजून घेणे इष्ट आहे.

विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ एस. एन. सिंह यांनी १९६३ साली अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. समान कालावधीत निरनिराळ्या जोडप्यांना होणाऱ्या अपत्यांच्या संख्येत फरक का पडतो, याचे संभाव्यतेच्या नियमांनी स्पष्टीकरण करणे हा त्याचा विषय. यामागची कल्पना अशी. दोन अपत्यांमधील अंतर एकसंध नसते. त्याचे तीन तुकडे पडतात. पहिला तुकडा बाळंतपणानंतर पाळी न येण्याच्या काळाचा. या काळात गर्भधारणा बहुधा होत नाही. दुसरा पाळी पुन्हा सुरू झाल्यापासून दिवस जाईपर्यंतच्या प्रतीक्षेचा. तिसरा गर्भारपणाच्या नऊ महिन्यांचा. पहिला तुकडा मुख्यतः आईच्या अंगावर पिण्याच्या चालीवर अवलंबून असतो, दुसरा योगायोगावर, आणि तिसरा निसर्गाने ठरवून दिलेला आहे.

उदाहरणादाखल काही आकडे धरून चालू. समजा, पाळी न येण्याचा काळ दहा महिने, प्रतीक्षा सरासरीने आठ महिने आणि गर्भारपण नऊ महिने. म्हणजे दोन मुलांत सत्तावीस महिन्यांचे अंतर पडले. आता त्या जोडप्याने असे साधन वापरले की ज्याने दर महिन्याला दिवस जाण्याचा संभव निम्म्याने घटतो. प्रतीक्षेचा काळ दुप्पट, म्हणजे सोळा महिने होईल आणि एकूण अंतर पस्तीस महिन्यांवर जाईल. ‘निम्मे’ उपयुक्त असलेल्या साधनाने जन्माचे प्रमाण निम्मे झाले नाही. ते सुमारे चौथ्या हिश्शानेच घटले. साधन नव्वद टक्के परिणामकारक असेल तर मात्र प्रतीक्षा ऐंशी महिन्यांची होते. याची दुसरी बाजूही पाहावी. डबा आणि बाटली लवकर सुरू केल्यामुळे पाळी चौथ्याच महिन्यात परत आली, तर पहिल्या तुकड्यातले सहा महिने कमी झाले. निम्म्या उपयोगाच्या साधनाने मिळवलेल्या आठ महिन्यांपैकी सहा गेले आणि जवळपास मूळच्याच जागी येऊन पोहोचलो.

सरकारी कार्यक्रमाच्या हिशेबात हे गणित कधीच आले नाही. तिथे मोजले जात होते ते साधन ‘स्वीकारणाऱ्यांचे’ आकडे. एखाद्या बाईला बाळंतपणानंतर लगेच गोळ्यांची पाकिटे दिली आणि तिने ती पाळी परत येईपर्यंत घेऊन मग सोडून दिली, तर दप्तरात ती लाभार्थी ठरे. तिच्या शरीराच्या दृष्टीने त्या गोळ्यांचा उपयोग जवळजवळ शून्य.

स्तनपान आणि गर्भधारणा यांचा संबंध घराघरांतील म्हाताऱ्या बायकांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. मात्र त्या ज्ञानात एक घातक ढिलाई होती. ‘मूल अंगावर आहे तोवर काही होत नाही’ असे मानण्याची पद्धत होती व आजही आहे. शास्त्राने ही मर्यादा नेमकी केली ती १९८८ मध्ये, इटलीतील बेलाजिओ येथे जमलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत. मूल सहा महिन्यांच्या आतले असावे, त्याला केवळ किंवा जवळजवळ केवळ आईचेच दूध मिळत असावे, आणि आईची पाळी परत आलेली नसावी. या तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या तर दिवस जाण्याचा संभव दोन टक्क्यांहूनही कमी राहतो. यांतील एक जरी अट सुटली तरी दुसरे साधन हाताशी हवे. एवढे तीन मुद्दे अंगणवाडीच्या ओसरीवर दहा मिनिटांत सांगता येतात. गर्भनिरोधाच्या शिक्षणात यापेक्षा स्वस्त धडा दुसरा नसेल.

वाराणसीच्या १९७८ च्या पाहणीने स्थलांतराकडेही लक्ष वेधले. पूर्व उत्तर प्रदेशातील तरुण माणसे पिढ्यान्‌पिढ्या कलकत्त्याच्या ताग गिरण्यांत आणि मुंबईच्या कापड गिरण्यांत, गोठ्यांत व गोद्यांत कामाला जात आली. बायको गावी आणि नवरा परगावी. होळीला, छठपूजेला किंवा लग्नसराईत महिना-पंधरा दिवसांची भेट. अशा जोडप्यांत प्रतीक्षेचा काळ आपोआपच लांबतो. परंतु त्यांची गरज निराळी असते, हे फारच थोड्या योजनाकारांनी ध्यानात घेतले. अकरा महिने एकटी राहणाऱ्या स्त्रीने रोज गोळी का घ्यावी? घेतली तर शेजारपाजार काय म्हणेल? आणि नवरा अचानक दाराशी येऊन उभा राहील त्या रात्री तिने काय करावे? पाहणीत ती ‘साधन न वापरणारी’ या रकान्यात जाते आणि त्या रकान्याचा अर्थ अज्ञान असा लावला जातो. वस्तुतः तिला अज्ञान नव्हे, तर तिच्या जीवनक्रमाला जुळणारे साधन मिळत नसते.

शब्दांची अडचण

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत भारतात ‘ज्ञान, वृत्ती आणि आचार’ यांच्या पाहण्यांचे पेव फुटले होते. किती जणांना साधने माहीत आहेत, किती जणांना पसंत आहेत आणि किती जण वापरतात, असा त्यांचा ठरीव साचा. बहुतेक सर्व पाहण्यांतून एकच निष्कर्ष निघे: माहिती पुष्कळांना, पसंती बऱ्याच जणांची, वापर मात्र नगण्य. ही दरी प्रचाराने भरून काढता येईल असे अनेकांनी गृहीत धरले. कुटुंबनियोजन म्हणजे चांगली गोष्ट आहे का, असे गावात आलेल्या सुशिक्षित पाहुण्याने विचारले असता ‘हो’ म्हणणे हा शिष्टाचाराचा भाग असतो, ही साधी गोष्ट त्यांच्या मनात आली नाही.

पंजाबात लुधियाना जिल्ह्यातील खन्ना या गावाच्या परिसरात १९५३ ते १९६० या काळात हार्वर्ड विद्यापीठाच्या वतीने झालेला अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. घरोघरी फेसाच्या गोळ्या वाटण्यात आल्या आणि लोकांनी त्या घेतल्या; जन्मप्रमाणावर मात्र अपेक्षित परिणाम दिसला नाही. पुढे महमूद ममदानी यांनी त्यांतील एका गावात जाऊन लोकांशी बोलून १९७२ साली एक पुस्तक लिहिले. गोळ्या घेतल्या त्या संशोधकांचे मन मोडू नये म्हणून, वापरण्यासाठी नव्हे, असे त्यांना सांगण्यात आले. शेतीत हात लागतात, म्हणून मुलगे हवेत. हा गावकऱ्यांचा हिशेब त्यांच्या परिस्थितीत मुळीच अडाणी नव्हता. ममदानींच्या प्रतिपादनाला मर्यादा आहेत. त्याच परिसरात पुढे लग्नाचे वय वाढले आणि जन्मप्रमाण उतरले. परंतु पाहणीतला होकार आणि घरातला निर्णय या दोन भिन्न वस्तू आहेत, हा त्यांचा मुद्दा टिकून आहे.

त्याहीपूर्वी, १९५२ च्या सुमारास, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने डॉ. अब्राहम स्टोन यांनी दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम् येथे ‘सुरक्षित दिवसां’च्या पद्धतीचा प्रयोग केला होता. स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. हिरवा मणी सुरक्षित दिवसाचा, लाल मणी धोक्याच्या दिवसाचा. रोज एक मणी सरकवावयाचा. माळ गळ्यात घातली की काम झाले, असे काही जणींना वाटल्याचे वृत्तांत पुढे आले. या हकिकतीवर बरीच थट्टा झाली. ती करणाऱ्यांनी एवढे तरी पाहावयास हवे होते की, तावीज, गंडा आणि माळ यांच्या जगात राहणाऱ्या बाईच्या हाती आणखी एक माळ द्यावयाची, तर ती काम कशी करते हे समजावून सांगण्यास अधिक वेळ लागणार. तो वेळ प्रयोगाच्या वेळापत्रकात नव्हता. त्याच कल्पनेला पुढे शिस्तबद्ध रूप मिळाले. ज्यांची पाळी २६ ते ३२ दिवसांनी नियमित येते त्यांनी आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत संबंध टाळावा, या नियमाची परीक्षा घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, आणि ही पद्धत काटेकोर पाळल्यास वर्षाला शंभरांत सुमारे पाच जणींनाच दिवस जातात असे दिसून आले.

शब्दांचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. मराठीत ‘तिने कुटुंबनियोजन केले’ याचा बोलण्यातला अर्थ ‘तिने शस्त्रक्रिया करून घेतली’ एवढाच होतो; हिंदी मुलखातही ‘नसबंदी’ आणि ‘परिवार नियोजन’ हे शब्द असेच एकमेकांत मिसळून गेले. साधनांपैकी एकानेच संपूर्ण विषयाचे नाव बळकावले, ते उगाच नव्हे. तसेच पाळीला महाराष्ट्रातील बायका ‘कावळा शिवला’ म्हणत, ‘बाहेर बसणे’ म्हणत; वाराणसीकडे ‘महीना’ म्हणतात. अंगावरून पांढरे जाण्याला तिकडे ‘सफेद पानी’ असा शब्द आहे. ‘आपल्याला प्रजननमार्गाचा काही विकार आहे काय?’ असा शुद्ध पुस्तकी प्रश्न केल्यावर नकारार्थी उत्तर येते, आणि ते खरे मानून अहवाल लिहिला जातो. त्यातून प्रश्न विचारला जातो तो कोठे, हेही पाहावे. बनारसच्या विणकर वस्त्यांत अनेक घरी माग आणि संसार एकाच खोलीत असतो. सासू, जाऊ, नणंद यांच्या देखत सून काय सांगणार?

लक्ष्यांचा काळ

भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सरकारी पातळीवर स्वीकारला. १९६५ मध्ये लूप हे साधन मोठ्या आशेने आले. पहिल्याच वर्षात आठ लाखांहून अधिक स्त्रियांना ते बसविण्यात आले. रक्तस्राव आणि वेदना यांविषयी आधी सांगितले गेले नाही, नंतर तपासणारे कोणी नव्हते, आणि दोनतीन वर्षांतच त्याची अपकीर्ती खेड्यापाड्यांत पोहोचली. १९६८ मध्ये पंधरा पैशांना तीन या दराने ‘निरोध’ बाजारात आले. मग आणीबाणी. १९७६-७७ या एका वर्षात ८२ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. उत्तर प्रदेशात या सक्तीने रक्तपातही घडला. महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या शस्त्रक्रियेचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही. पुढच्या वर्षी शस्त्रक्रियांचा आकडा दहा लाखांच्याही खाली घसरला.

या घटनेचा एक परिणाम मात्र दीर्घकाळ टिकला. पुरुषांवर सक्ती केल्याचे राजकीय मोल द्यावे लागले, म्हणून कार्यक्रमाचे तोंड स्त्रियांकडे वळले. साठच्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्रातील पुरुष-शस्त्रक्रियेच्या शिबिरांचा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील कुमुदिनी दांडेकर यांनी अभ्यास केला होता. म्हणजे पुरुष त्या काळी येत होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित जोडप्यांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली, पुरुषांची ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, पोट न उघडता होणारी आणि अपयशाचे प्रमाण अत्यल्प असलेली आहे. स्त्रियांच्या शिबिरांचे काय होऊ शकते ते नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ दिसले: काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील अनेक जणी दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

हे सारे चालू असता स्त्रियांच्या प्रजनन-आरोग्याची स्थिती काय आहे, हे मात्र कोणी तपासले नव्हते. ते काम गडचिरोलीत झाले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची, तक्रार असो वा नसो, प्रत्यक्ष तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष जगभर गाजले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि दर बाईमागे सरासरीने ३.६ विकार आढळले. पूर्वी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. गर्भनिरोधक साधने वापरणाऱ्या स्त्रियांत विकारांचे प्रमाण अधिक असल्याचे दिसले, पण एकूण रोगभाराचा थोडाच भाग त्याने उलगडत होता. या अभ्यासाचे मर्म असे की, ज्यांच्या गर्भाशयावर चाळीस वर्षे राष्ट्रीय कार्यक्रम चालला त्या स्त्रियांच्या गर्भाशयाकडे डॉक्टरने पाहिलेच नव्हते. कॉपर-टी बसविण्यापूर्वी जंतुसंसर्ग नाही ना हे पाहावे लागते. ते न पाहता बसविली तर दुखणे वाढते आणि दोष साधनाला येतो.

१९९४ च्या कैरो परिषदेनंतर १ एप्रिल १९९६ पासून भारताने साधननिहाय लक्ष्ये कागदोपत्री रद्द केली, आणि पुढच्या वर्षी प्रजनन व बालआरोग्याचा एकत्रित कार्यक्रम सुरू झाला. सवयी कागदापेक्षा चिवट असतात. अनेक ठिकाणी लक्ष्ये ‘अपेक्षित पातळी’ या नव्या नावाने परत आली.

आज वाराणसी ज्या राज्यात आहे तिथले चित्र महाराष्ट्राहून अगदी निराळे आहे. वर उल्लेखिलेल्या २०१९-२१ च्या पाहणीनुसार उत्तर प्रदेशात ६२ टक्के विवाहित स्त्रिया कोणते ना कोणते साधन वा पद्धत वापरतात, पण आधुनिक साधने वापरणाऱ्या ४५ टक्क्यांहून थोड्या कमीच. उरलेल्या १८ टक्के पारंपरिक पद्धतींवर, म्हणजे सुरक्षित दिवस किंवा पुरुषाने वेळीच दूर होणे यांवर, भिस्त ठेवतात. महाराष्ट्रात पारंपरिक पद्धतींचे प्रमाण जेमतेम अडीच टक्के. उलट स्त्री-शस्त्रक्रिया ४९ टक्के, उत्तर प्रदेशात ती १७ टक्के. दर स्त्रीमागे अपत्ये महाराष्ट्रात १.७ आणि उत्तर प्रदेशात २.४. महाराष्ट्र ‘पुढे’ आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण निम्म्या स्त्रियांपुढे एकच साधन असणे, तेही कायमचे आणि बहुधा तिशीच्या आतच स्वीकारलेले, याला निवड म्हणावयाचे काय?

उत्तर प्रदेशातील त्या १८ टक्क्यांची अडचण दुसऱ्या प्रकारची. सुरक्षित दिवसांवर विसंबायचे तर ते कोणते हे अचूक माहीत हवे, आणि नेमका हाच धडा चुकीचा शिकवला गेला आहे. पाळी संपल्यानंतरचे दिवस सर्वांत धोक्याचे, अशी समजूत आयुर्वेदातील ऋतुकालाच्या कल्पनेमुळे सर्वत्र पसरलेली आहे. प्रत्यक्षात स्त्रीबीज पुढच्या पाळीपूर्वी सुमारे चौदा दिवस सुटते, एक दिवसभर टिकते. शुक्रजंतू मात्र पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. पाळीनंतर सहा दिवस थांबून मग निर्धास्त होणारे जोडपे नेमके धोक्याच्या दिवसांत शिरते. वेळीच दूर होण्याच्या पद्धतीने सर्वसाधारण वापरात वर्षाला शंभरांत वीस जणींना दिवस जातात असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. निरोधने तेरा, गोळ्यांनी सात. कॉपर-टीने एकीहूनही कमी. हे आकडे ज्याला वा जिला सांगितले गेले आहेत ती व्यक्ती वीसचा धोकाही जाणूनबुजून पत्करू शकते. प्रश्न सांगितले जाण्याचा आहे.

साधनांची यादी अलीकडे वाढली, हे मान्य केले पाहिजे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली संप्रेरकविरहित गोळी १९९१ मध्ये ‘सहेली’ या नावाने बाजारात आली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदाच घ्यावयाची. सरकारी दवाखान्यांत ती ‘छाया’ या नावाने, आणि तीन महिन्यांचे इंजेक्शन ‘अंतरा’ या नावाने, २०१७ पासून मोफत मिळू लागले. ज्या स्त्रीचा नवरा परगावी आहे, अथवा जिला सासूच्या नजरेत पाकीट येऊ द्यावयाचे नाही, तिला ही दोन्ही उपयोगाची. परंतु इंजेक्शनाने पाळी अनियमित होते, कित्येकदा बंद पडते. हे अगोदर न सांगितल्यास ‘रक्त आत साठते’ या भीतीने ती दुसऱ्या वेळी येत नाही. लूपचीच कथा पुन्हा. बांगलादेशातील मतलब येथे १९७५ मध्ये केवळ गोळ्या व निरोध घरोघर वाटण्यात आले, तेव्हा वापर थोडा वाढून ओसरला. १९७७ पासून अनेक साधने, घरी येणारी प्रशिक्षित कार्यकर्ती आणि दुष्परिणामांवर उपचार ही तिन्ही एकत्र दिली, तेव्हा दीड वर्षात सुमारे एक तृतीयांश स्त्रिया साधने वापरू लागल्या. माणसे तीच आणि गरिबीही तीच होती.

मराठी वाचकाला यात नवे वाटू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, ते हे ज्ञान साध्या मराठीत, न लाजता आणि लोकसंख्येचा बागुलबुवा न दाखवता देण्यासाठी. त्याच महाराष्ट्रात २००७ साली शाळांतील किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमाला बंदी घालण्यात आली. गडचिरोलीत मात्र राणी बंग यांची ‘तारुण्यभान’ शिबिरे चालू राहिली. मुलामुलींनी चिठ्ठीवर नाव न घालता प्रश्न लिहून द्यावयाचे आणि त्यांची उत्तरे सर्वांसमोर द्यावयाची, ही अशा शिबिरांतली युक्ती साधी आहे. पाहणीच्या प्रश्नावलीत जे कधीच येत नाही ते त्या चिठ्ठ्यांत येते.

राष्ट्रीय पाहणीच्या प्रश्नावलीत एक प्रश्न असतो: साधन देताना त्याच्या दुष्परिणामांविषयी सांगितले होते काय? २०१५-१६ मध्ये साधन वापरणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ४६ टक्के ‘हो’ म्हणाल्या होत्या; २०१९-२१ मध्ये ६२ टक्के. उरलेल्या ३८ टक्क्यांनी काहीतरी स्वीकारले आहे, पण काय स्वीकारले हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. आणि त्यांच्यापैकी अनेकींच्या बाबतीत ती पोटातली शस्त्रक्रिया आहे.